शिल्लक

रुवीत सजीशच्या दुकानात
तीन पेट्या काउंटरवर ओळीनं बसल्यात,
दाखवायला आणलेल्या मुलांसारख्या,
तुळतुळीत, आणि प्रत्येकाचा पगार कपाळावर :
दोनशे छप्पन्न. पाचशे बारा. सातशे अडुसष्ट.
वॉट-अवर, म्हणतो सजीश.

श्रीरंग विचारतो, कॉफी मशीन चालेल का हिच्यावर?
छोटा फ्रीज? प्रोजेक्टर?
मॅच बघू म्हणे वाळूत, चादर ताणून.
मी पर्समधून चिठ्ठी काढते.
माझ्या यादीत एकच वस्तू.
तिचं नाव मी चारचौघांत घेत नाही.
'एक मशीन आहे. रात्रभर चालतं.' एवढंच.

सजीश बिलबुकाकडे बघत हळूच म्हणतो,
माझ्या अम्मालाही आहे. नाकावरचं ना?
पाणी तापवणं बंद ठेवा, चेची,
तीस वॉटमध्ये भागेल.

तीस गुणिले आठ, दोनशे चाळीस.
दोन रात्री, चारशे ऐंशी.
घरचा प्लग लावला तर वर पंधरा टक्के हवेत,
म्हणून डीसीची वायर वेगळी, साडेसात रियाल.
बावीस वर्षं लोकांचे ताळेबंद जुळवले.
स्वतःच्या श्वासाचा खर्च
पहिल्यांदाच मांडत होते,
तोही कुणाच्या तरी जुन्या बिलाच्या पाठीवर.

गेल्या हिवाळ्यात जबल अख्दरला
मशीन नेलंच नव्हतं. तिथं वीज कुठली?
सकाळी हेमांगीनं फोन पुढे केला,
'ऐका, रात्री बिबट्या येऊन गेला.'
सगळे हसले.
मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं,
थालीपिठाचा घास गालात तसाच ठेवून.
पुढच्या चारही ट्रिपांना माझी पाठ दुखत होती.

पाचशे बारा पुरेल, म्हणाला श्रीरंग.
सजीशही म्हणाला, पुरेल.
'पुरेल' हा शब्द माझ्या ऑफिसात
मी कुणाला लिहू देत नाही.
सातशे अडुसष्ट घेतली. फॉस्फेटची,
उन्हात जरा कमी रुसणारी म्हणे.
नऊ किलो, एकशे अडतीस रियाल.
श्रीरंगनं एका हातानं उचलून पाहिली,
मग दुसराही लावला.
कॉफी मशीनबद्दल तो पुन्हा बोलला नाही.

गुरुवारी रात्री, फिन्सचा किनारा.
पांढरे गोटे पाठीला टोचतात, समुद्र अगदी उशाशी.
तंबूची चेन आतून ओढली,
पट्टा आवळला, बटण दाबलं.
काळ्या पडद्यावर आकडा उजळला : तेवीस तास.
इतका नेमका भरवसा
आजवर मला कुणी दिला नव्हता,
ना डॉक्टरनं, ना पत्रिकेनं.
श्रीरंगनं त्या उजेडावर आपली टोपी ठेवली
आणि पाठ फिरवून झोपला.

तीनला जाग आली, मुखवटा काढून बाहेर गेले.
चांदणं नव्हतं. भरती होती.
आणि आठही तंबू घोरत होते,
कुणी शिट्टी घालून, कुणी आचके देत,
हेमांगीच्या तंबूत तर लाकूड कापत होते.
मी बराच वेळ उभी राहिले.
थंडी वाजायला लागली तेव्हा आत आले,
पट्टा लावला.

शुक्रवारी सकाळी ती आली, फोन मेलेला,
'तुझ्या त्या पेटीवर जरा लावू?'
आत मशीन उघडंच पडलं होतं,
नळी चटईवर वेटोळं घालून.
तिनं पाहिलं. मी झाकलं नाही.

आकडा बघितला : सहासष्ट टक्के.
आजची रात्र वजा जाता चौतीस.
लाव, म्हटलं, चौतिसात
तुझा फोन दहादा भरेल.
त्यात तो बिबट्या अजून आहे का,
ते मी विचारलं नाही.