ओझर, एकेरी

गायधनी साहेब मागे बसले. ओळखलं नाही.
आरशात त्यांचा चष्मा, चष्म्यात फोन.
ओटीपी विचारला, चार आकडे सांगितले.
माझा तिकीट नंबरही चारच आकडी होता
अकरा वर्षं, अंबडच्या प्रेसशॉपमध्ये,
त्यांच्याच सहीखाली.

द्वारकेला पूल घेऊ की खालून?
"मॅप काय म्हणतो?"

मॅप म्हणतो चाळीस मिनिटं,
ॲप म्हणतं पाचशे साठ,
त्यातलं त्याचं कापून उरेल ते माझं.
येताना रिकामा.

विमानतळावर बॅग त्यांनी स्वतःच उतरवली.
"निवृत्ती ना?" स्क्रीनवर बघून म्हणाले,
"हात चांगलाय तुमचा. आधी कुठे होतात?"

"इथंच," म्हटलं. "नाशकातच."

पाच तारे आले.
दहाव्या मैलाला चहा घेतला,
फोन पालथा ठेवून.