डाव्या हाताची तर्जनी

कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे, बोरपाड्याच्या झेडपी शाळेत
मी दुसरा मतदान अधिकारी.
एरवी इथून चाळीस किलोमीटरवर
चौथीला गणित शिकवतो.
आज माझ्याकडे शाईची बाटली,
ती कलंडू नये म्हणून वाटीभर वाळू,
आणि समोर येतील तेवढी बोटं.

पहाटे साडेपाचला पन्नास खोटी मतं टाकली,
मोजली, पुसली,
मग सील लावून खरी सुरू केली.
यादीत नावं सहाशे बारा.
नऊला कळवलं : एक्केचाळीस.
अकराला : एकशे दोन.
फोनवरचा आवाज म्हणाला, टक्का वाढवा, सर.
फळ्यावर कुणी पुसायचा राहिलेला भागाकार,
बाकी सात.

वेगळी एक यादी असते,
गैरहजर, स्थलांतरित, मयत.
एजंट देवचंद तिच्यावरून पेन्सिल फिरवत बसला :
हाऊ सुरतले. हाई बी सुरतले.
हाऊ मरी गया.
थोडं थांबून : सुरतलेच.

दुपारी लाइट गेली. पत्र्याखाली त्रेचाळीस अंश.
तेव्हा आनंदा मालचे आला, रात्रभर एसटीत उभा राहून,
एक खाडा करून.
डावा हात पुढे केला तर
तर्जनी मुळापासूनच नाही.
"मशीनमा गयं," तो म्हणाला,
"बोट सुरतले ऱ्हायनं, सर. वोट आठे शे."
रांग हसली. सगळ्यात जास्त तोच.

मी पुस्तिका उघडली.
तर्जनी नसेल तर त्याच हाताचं दुसरं बोट.
त्या हाताला बोटंच नसतील तर उजवा हात.
तोही नसेल तर
हाताचा जो काही शेवट असेल तिथे.
दिल्लीत बसून कुणीतरी
एवढ्या मायेनं एकेक बोट वजा करत गेलं होतं.
मला भरून आलं, उगाच.
त्याच्या मधल्या बोटावर रेघ ओढली
आणि देवचंदच्या यादीतल्या बाकीच्यांसाठी कलम शोधत
पुस्तिका शेवटपर्यंत चाळली.

सहाला बटण बंद. तीनशे आठ.
पन्नास पूर्णांक तेहतीस, मी तोंडीच काढले.

माझं मत पोस्टानं जायचं होतं.
बारा नंबरचा अर्ज वेळेत दिला होता,
कागद आलाच नाही.

रात्री दीडला दार उघडून
बायकोनं माझे हात पाहिले,
दहाही बोटं जांभळी.
म्हणाली, कितीदा केलंत?