पडदा

ऑक्टोबरात कुस्कोक्विम धड पाणी नसते, धड बर्फ नसते.
होडी घालावी तर हिमाचे तुकडे अंगावर येतात,
स्लेज घालावी तर खालून काळं पाणी वाट बघत असतं.
विमान आहे, पण तीन दिवस झाले,
बेथेलच्या धुक्यात कान पाडून उभं आहे.

आणि नेमके याच दिवसांत पोरांचे कान फुटतात.

एव्हन, वय सहा. रात्रभर उशी ओली.
पुसून पुसून आईच्या बाहीला वास आलेला.
दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक हीटर
आणि मी, नास्तासिया.
डॉक्टर नाही, नर्सही नाही,
चार महिने शिकून आलेली गावचीच बाई,
उन्हाळ्यात सामन चिरते, एरवी टाके घालते.

कॅमेऱ्याचं टोक माशाच्या डोळ्याएवढं.
"हलू नकोस," म्हटलं, "एक मासा आत शिरतोय,
नुसता बघेल आणि परत येईल."

पडद्यावर पडदा आला.
लालभडक, ताणलेला,
वॉलरसच्या पोटाचं कातडं चढवलेल्या आमच्या ढोलासारखा,
आणि खालच्या अंगाला एक भोक.
एव्हन रडायचा थांबला.
"बाबा बर्फाला पाडतात तसं!
यातून पण मासे निघतात?"

चित्र पाठवलं.
गोल चक्र फिरलं, थांबलं, पुन्हा फिरायला लागलं.
मी क्रूसाची खूण केली,
आणि केबल काढून परत लावली.
दोन्ही उपाय करावेत.

चारशे मैलांवर डॉक्टर टालबोट
कॉफीचा कप बाजूला सारतात.
त्यांचे ओठ आधी हलतात, आवाज मागून चालत येतो.
"थोडं डावीकडे, नास्तासिया. अजून. थांब.
कानामागचं हाड दाबून बघ. दुखतंय?"
प्रश्न त्यांचा, बोट माझं.
पोरगं ओरडलं नाही, हे आम्ही दोघींनी एकदमच ऐकलं;
नाही, मी दोन क्षण आधी.

"थेंब दे, सकाळ-संध्याकाळ.
कान कोरडा ठेवा, वाफेच्या न्हाणीत नेऊ नका.
आठवड्याने पुन्हा दाखव."

थेंब कपाटात होते.
ओलिंकाच्या वेळीही कपाटात होते.
बघणारं कोणी नव्हतं.

ओलिंका माझी धाकटी बहीण.
चाळीस वर्षांपूर्वी, असाच ऑक्टोबर.
"नदी गोठू दे, मग नेऊ," वडील म्हणाले.
ते चुकले, असं मला अजूनही म्हणवत नाही.
नदी गोठली तोवर
तिचा डावा कान गोठून गेला होता.
तेव्हापासून ती नेहमी माझ्या डाव्या हाताला बसते,
आणि सगळं गाव तिच्याशी उजवीकडून बोलतं.

त्या संध्याकाळी ती वाळवलेले मासे द्यायला आली.
हीटर बंद करत होते, तो परत लावला.
"बस," म्हटलं.
कशाला, तिने विचारलं नाही.
त्या कानात चाळीस वर्षांत कोणी डोकावलं नव्हतं.
कडा पांढऱ्या, कोरड्या. मधे अंधार.
चित्र पाठवलं, वर दोन शब्द लिहिले:
घाई नाही.

सकाळी उत्तर आलं. जुनं भोक आहे.
बहुधा शिवता येईल. खात्री देत नाही.
मार्चमध्ये कानाचे सर्जन बेथेलला येतील,
तेव्हा नदीच तुमचा रस्ता असेल.

मी तिच्या उजव्या कानाशी वाचून दाखवलं.
ती खवले खरवडत राहिली.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
"आता कोणाचं काय ऐकायचं राहिलंय मला?"

दुपारी मात्र तिने स्टूल उचललं
आणि पहिल्यांदाच माझ्या उजव्या हाताला येऊन बसली.
मी काही बोलले नाही.
बाहेर तुकड्याला तुकडा घासत
नदी स्वतःला सांधत होती.
ती त्या बाजूला मान करून बसली होती,
कान देऊन.