आरपार बोल्ट

आधी सीट गेली.
मग पुढचा दिवा, मग पाण्याची बाटली,
आणि एका सकाळी पार्किंगच्या खांबाला
नुसतं कुलूप उरलं,
नीट लावलेलं.

दुसरी सायकल मी खांद्यावरून वर आणली, तीन मजले.
कोठुळे चेअरमननी लगेच फळ्यावर लिहिलं,
जिन्यात चिखल आणू नये.
तेव्हापासून खालीच चाकं पुसते, जुन्या परकरानं.

इंदिरानगरातला वन बीएचके.
हॉलमध्ये उभी केली तर टीव्ही निम्माच दिसे,
गॅलरीत ठेवली तर तिच्यावर टॉवेल वाळत,
स्वयंपाकघराच्या दाराशी तिच्या पेडलनं
माझी पोटरी दोनदा सोलली.
नवऱ्यानं एवढंच विचारलं,
"ही किती दिवस राहणार?"
पाहुण्यांबद्दल हळूच विचारतात ना, त्या आवाजात.

मोकळी भिंत एकच होती,
सोफ्यामागची,
खैरनारांच्या घराला पाठ लावून उभी.

अंबडहून अल्ताफ आला, कंपनीत फिटर,
रविवारी असली कामं घेणारा.
त्यानं बोटाच्या पेरानं भिंत वाजवली
टरबूज वाजवतात तशी, कान लावून,
आणि मान हलवली.
"ताई, आत सगळं भुसभुशीत.
खुंटी धरेल आठ दिवस,
नवव्या दिवशी सायकल तुमच्या मांडीवर."
मग?
"मग आरपार.
इकडं रॅक, तिकडं लोखंडी पट्टी,
मधे चार सुताचा बोल्ट.
फक्त पलीकडं विचारून घ्या."

अकरा वर्षांचा शेजार.
विरजण गेलं, आलं. किल्ली गेली, आली.
एकदा तर त्यांचा गॅस संपला नि आख्खा कुकर
माझ्या शेगडीवर शिट्ट्या देऊन गेला.
पण हे कसं मागायचं?
साखर वाटीत मागता येते.
भोक कशात मागायचं?

मंदाकिनीबाईंनी दार उघडलं तेव्हा
पेपर तपासायची लाल शाई त्यांच्या अंगठ्याला होती.
मी सगळं सांगितलं,
बोल्ट केवढा तेही, करंगळी पुढं करून.
त्या म्हणाल्या, "रोज जाता तरी कुठं?"
विल्होळीपर्यंत.
"तिथं काय असतं?"
मला पटकन काही सुचेना.
चढ असतो, म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "पाडा."

ड्रिल घरघरत आत गेलं.
इकडं मी, तिकडं त्या,
वर्तमानपत्राचा द्रोण करून भुकटी झेलत होतो.
मग अल्ताफनं ड्रिल बाहेर ओढलं
आणि त्यांच्या ट्यूबलाइटचा उजेड
माझ्या हॉलमध्ये आला,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
कुकरची वाफ, अगरबत्ती, आणि खैरनार सरांचं
"अगं झालं का?"
हेही त्यातूनच आलं.
मग बोल्ट सरकला.

आता ती पुढच्या चाकानं टांगलेली असते.
भिंतीवर टायरची एक काळी रेघ उठलीये,
ती काही परकरानं जात नाही.
नवरा तिच्या हँडलला हेडफोन अडकवतो,
म्हणजे राहिली म्हणायची.

पट्टी दिसायला नको म्हणून
मंदाकिनीबाईंनी तिकडच्या नटावर कॅलेंडर लावलं.
पहाटे साडेपाचला मी सायकल उतरवते
तेव्हा भिंतीला किंचित हिसका बसतो
आणि कॅलेंडरची पानं हलतात.
हे मला माहीत नव्हतं.

डिसेंबरात ताप आला मला.
हायवेवर द्राक्षांच्या गाड्या सुरू झाल्या असतील,
असा विचार करत पडून होते.
सकाळी सहाला बेल वाजली.
दारात त्या, कानाला मफलर, हातात थर्मास.
आत येऊन आधी सायकलकडं बघितलं,
मग माझ्याकडं.
"चार दिवस झाले," म्हणाल्या,
"कॅलेंडर हललं नाही."