शून्याचं टोक

गोळा जिथं पडतो, तिथं मी उभा असायचो.
एकतीस वर्षं.
टेपचं शून्याचं टोक खड्ड्याच्या अलीकडच्या काठाला
अंगठ्यानं दाबून धरायचं, एवढंच काम.
वर्तुळापाशी किणेकर सर टेप ताणायचे,
चष्मा कपाळावर सारून आकडा वाचायचे,
आणि मी लांबून ओरडायचो, "किती?"

सुरुवातीला कॉलेजकडे दोनच गोळे.
एक गंजून हलका झालेला,
दुसरा प्राचार्यांच्या दाराला अडण.
सर उद्यमबागेत गेले, फौंड्रीतल्या भैरू मुतगेकराकडे.
सांगितलं सात किलो दोनशे साठ,
भैरूनं ओतला तो भरला साडेसात.
"ऱ्हाऊ दे," सर म्हणाले, "सरावाला जडच बरा."
पुढं धारवाडला स्पर्धेतला गोळा हातात घेऊन
आमची पोरं विचारायची,
"ह्यो आतनं पोकळ हाय काय ओ?"

"हात काय बघूलालायस? पाय बघ.
फेक पायातनं येती."
बैलहोंगलच्या निंगव्वाला मराठी कळायचं नाही.
तिला तेच कन्नडमधनं: कालु मोदलु, कै आमेले.
येळ्ळूरची पोरं तिला चिडवायला दिवसभर तेच म्हणायची,
आणि चिडवता चिडवता
त्यांचे पाय सुधारले.

निपाणीच्या गाडीत कंडक्टर भाले घेईना.
सर म्हणाले, तिकीट फाड.
त्यानं तीन भाल्यांची तीन हाफ तिकिटं फाडली.
सरांनी ती हिशेबाच्या वहीत चिकटवली,
ऑफिसनं नामंजूर केली.

एक नोव्हेंबरला
अर्धं गाव काळ्या फिती लावून,
अर्धं लाल-पिवळ्या झेंड्यांखाली.
त्याही दिवशी सर सकाळी सहाला फक्कीचा डबा घेऊन हजर.
दोन रेघा मारायचे, वर्तुळापासून पसरत जाणाऱ्या.
एका वर्षी पोरंच आली नाहीत.
वारा सुटला, नऊपर्यंत रेघा उडून गेल्या.
सरांनी परत मारल्या.
मी विचारलं नाही कशाला.

सगळ्यात लांब फेकणारा गुंडू चव्हाटकर.
सेकंड इयरला असताना गेला गोव्याला,
मामाच्या हॉटेलात.
सर त्याला आणायला मडगावला गेले
आणि काजूची पिशवी घेऊन परत आले.
काही बोलले नाहीत.
काजू आम्ही सगळ्यांनी मैदानावर बसून खाल्ले.
चांगले होते.

पेपरात पहिल्या पानावर कुणीच आलं नाही.
एकजण हुक्केरीला पोलीस.
दोघी पीटीच्या बाई.
निंगव्वा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर,
ट्रककडे नुसतं बघून टन सांगते म्हणे.
सर हे ऐकून एवढे हसले
की ठसका लागला.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, भाषणं,
कुंद्याचा बॉक्स.
सगळे गेल्यावर सर बूट काढून वर्तुळात उतरले,
भैरूचा तो साडेसातचा गोळा मानेला लावून.
एकतीस वर्षांत त्यांना फेकताना मी पाहिलं नव्हतं.
उजव्या खांद्याचं काहीतरी होतं,
विचारायची सोय नव्हती.

गोळा आला. तांबड्या मातीत धप्पकन रुतला.
मी पळत जाऊन शून्य दाबलं, ओरडलो, "किती?"
टेपचं दुसरं टोक जमिनीवर पडलेलं.
सर अनवाणी वर्तुळाच्या बाहेर,
लाकडी फळीच्या पुढं चार बोटं,
लाल झेंडा स्वतःच वर धरून.
"फाऊल," म्हणाले. "मोजू नकोस."
मी मोजलं नाही.
पण अंगठा उचलायला जरा वेळ लागला.

ती टेप आता माझ्या घरी आहे.
धरून धरून पहिले दहा सेंटिमीटर पुसून गेलेत.
सर कायम दहापासून धरायला लावायचे
आणि दहा मनात वजा करायचे.
मला ते आठवत नाही दर वेळी.
परवा खिडकीचं माप घेतलं,
पडदा शिवून आला.
बायको म्हणाली, हा लांब कसा झाला ओ एवढा?