चौकाची जीवा

वडगावच्या आमच्या बोळात चार घरं एका चौकाभोवती:
आमचं, होसूरांचं, मकानदारांचं, मुतगेकरांचं.
मधे नळ, पाणी आठव्या दिवशी.
माझं संशोधन ह्याच्यावरच आहे,
पण विद्यापीठाच्या कागदावर तसं लिहिता येत नाही.
तिथं लिहिलंय: चिन्हांकित आलेखांची अधिप्रतलं,
आणि ती मुक्त कधी असतात.

"काय करूलालीस गं?" धोट्याच्या खटखटीवरून बाबा विचारतात.
मी सांगते: प्रत्येक घराला एक संख्या.
जमलं तर अधिक, दोघांची संख्या सारखी.
बिनसलं तर वजा: आकडा तोच, चिन्ह उलटं,
शून्यापासून तेवढ्याच पावलांवर
पलीकडच्या अंगाला.
"म्हणजे निपाणी आणि कागल," बाबा म्हणतात,
आणि तुटलेला धागा जोडायला वाकतात.

होसूरांशी आमचं वजा.
आमच्या मागाच्या हादऱ्यानं
त्यांच्या देव्हाऱ्यातली समई थरथरते.
मुतगेकरांशीही वजा, एका साडीच्या व्यवहारावरून,
जो आता कुणालाच नीट आठवत नाही.
मकानदारांचं त्या दोघांशी अधिक:
सणाला ताटं जातात, परत येतात,
रिकामं ताट कुणी धाडत नाही.
चौकाभोवती फिरत गुणाकार करा:
वजा, अधिक, अधिक, वजा.
उत्तर अधिक. संतुलित म्हणतात ह्याला.
संतुलित आहे, मुक्त नाही.

मुक्त म्हणजे काय ते तल्लूर मॅडम कन्नडमधून सांगतात,
मी मराठीतून उतरून घेते:
पुरतील तेवढेच आधार, एकही जास्तीचा नाही,
आणि कुठलाच दुसऱ्याच्या उसनवारीवर उभा नाही.
आमची बहुपदी मात्र एका जागी अडते,
टी वर्ग वजा तीन टी अधिक तीन.
पूर्णांकांत फुटतच नाही.
सुतात बसलेली गाठ, नखानं न सुटणारी.

चौकोनाला कर्ण हवा. जीवा म्हणतात तिला.
आमच्या दारातून मकानदारांच्या दारापर्यंत,
नळाला वळसा न घालता.
मी तिथं अधिक काढलं. अर्थातच.
त्यांची शबीना आणि मी एका बाकावर बसायचो,
एका कंपासपेटीत दोघींची पेन्सिल.
अधिक काढून रात्रभर मोजलं.
टीच्या जागी टी वजा एक आला, बस.
गाठ तसूभर हलली नाही.

शनिवारी दस्तगीरचाचा चौक ओलांडून आले.
बारा वर्षांत पहिल्यांदा सरळ.
"दहानंतर माग नको. झोप लागत नाही.
आजवर बोललो नाही, आज बोलूलालो."
"साडेअकरापर्यंत चालणार," बाबा म्हणाले.
"दहा."
"साडेअकरा."
चहा झाला. कपातला शेवटचा घोट
दोघांनीही तसाच ठेवला.

मी आत जाऊन अधिकाची उभी रेघ खोडली.
राहिलं ते वजा.
दोन त्रिकोण, दोन्ही संतुलित.
टी, टी वजा एक, टी वजा दोन, टी वजा दोन.
सुटलं.
कागद उलटा करून पुन्हा मोजलं,
विश्वास बसेना म्हणून.

मग गंमत म्हणून आमच्याच घराचं चिन्ह उलटं धरलं.
आमच्या दाराशी आलेली तिन्ही वजा अधिक झाली,
अवयव तेच राहिले.
आजोबा सांगत, एका सकाळी उठलो
तर गाव तिथंच, राज्य दुसरं.
भिंती होत्या तिथं, भांडणं होती तशी,
कचेरीच्या पाटीवरची अक्षरं तेवढी ओली.

त्या रात्री माग साडेदहाला थांबला.
दहालाही नाही, साडेअकरालाही नाही.
त्यावर कुणी काही बोललं नाही.
चौकापलीकडून दस्तगीरचाचांचा खोकला ऐकू आला,
इतकी वर्षं तो येतच असणार.
बाबा अंथरुणावर उठून बसले,
म्हणाले, "ह्यांना औषध कोण आणून देतंय काय की."