मधल्या सुट्टीत, प्रेस्टन

बँक आणि चष्मेवाल्याच्या मध्ये
इतकं जुनं दार, आणि मी तीन वर्षं
त्याच्या पायरीवर नुसती छत्री मिटत आलेय.

आज आत गेले.
बूट काढायला पाय थबकले,
हात आपसूक वर गेला. घंटा नव्हती.
मेणाचा वास, ओल्या कोटांचा,
कुठेतरी खोकणारा रेडिएटर.

भिंतीवर गिरणीतल्या आयरिश पोरींची नावं.
नोरा, वय चौदा. पुढचं झिजलंय.

कबुलीजबाबाच्या खोलीत आता व्हॅक्यूम क्लीनर.
"पापं कमी झाली वाटतं?"
फुलं बदलता बदलता मिसेस हॅलोरन म्हणाल्या,
"छे गं, जागा कमी पडते."

मेणबत्तीला पन्नास पेन्स. सुटे नव्हते.
कार्ड टेकवलं. यंत्रावर हिरवी अक्षरं: मंजूर.
काय मंजूर?
मागायचंच राहिलं होतं.

शेजारी कुणाची तरी, अर्धी, विझलेली.
माझ्या ज्योतीवर तिची वात धरली.
दोनदा नाही म्हणाली,
मग पेटली.

दोनच्या मीटिंगमध्ये
टेबलाखाली, बोटाला चिकटलेलं मेण
नखाने खरवडत बसले,
सावकाश,
सगळं निघू नये अशा बेताने.